शेवटचा आकडा

"कोंडलेली हाय गो ती, सासरच्यांनी!" घणसोली गावात घरमालकीणबाई सगळ्यांना सांगत सुटल्या होत्या. साफ खोटं! माझ्या शेजारच्या खोलीतल्या संघप्रियाताईला कोंडलं होतं एका आकड्याने.

पावसाचा अंदाज काढणारा जुना प्रोग्राम नव्या महासंगणकावर चालवून दाखवायचा, हे तिचं घरबसल्या काम. सगळं चाले, पण उत्तराचा शेवटचा आकडा जुन्या मशीनशी जुळेना. जयप्रकाश सर रोज फोनवर नाकातून म्हणत, "मॅडम, तंतोतंत पाहिजे. शुक्रवारपर्यंत नाही जुळलं, तर काम दुसऱ्याला." आठ महिने ती त्या एका खोलीत स्वतःचीच चूक शोधत बसली होती. खिडकीबाहेर पाहायचंही विसरली होती.

गुरुवारी वैतागून तिने जुन्याच मशीनला तीच बेरीज उलट्या क्रमाने करायला लावली. शेवटचा आकडा तिथेही बदलला! इतके दशांश मिळवताना क्रम बदलला की शेपटाशी फरक पडतोच, आणि नवं मशीन तर बेरीज हजार ठिकाणी वाटून करतं.

"सर, तुमचं जुनं मशीन स्वतःशीच जुळत नाहीये."

सर "चुकलो" म्हणणार नाहीत, अशी माझी तिच्याशी पैज होती. मी हरले, तर महिनाभर मी त्यांची नक्कल करायची नाही.

म्हणाले की हो, "चुकलो". तेही नाकातूनच!