मुहूर्त नसलेल्या महिन्यातली सहल

यंदा जेठात अधिक महिना आलाय. कॅलेंडरचं पान उलटलं तेव्हा ते दिसलं, आणि मी पाण्याचा ग्लास हातात धरून तशीच उभी राहिले. असाच जेठातला अधिक आठ वर्षांपूर्वी आला होता. त्या महिन्यात मी एक सहल ठरवली होती.

लेक तेव्हा दहा वर्षांची होती. तिच्या वर्गातली एक मुलगी मुंबईकडच्या एका मोठ्या पार्कात जाऊन आली. उंच पाळणे, पाण्याच्या घसरगुंड्या, उलटं टांगून फिरवणारी गाडी, सगळ्याचे फोटो तिनं वर्गात दाखवले. तेव्हापासून आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. सगळ्यात मोठ्या पाळण्याला उंचीची अट होती. लेकीनं ती कुठून तरी शोधून काढली आणि दाराच्या चौकटीवर पेन्सिलीनं रेघ ओढली. दर महिन्याला ती चौकटीला पाठ लावून उभी राहायची आणि डोक्यावर पट्टी धरायला मला बोलवायची.

मी आधी दिवाळीत नेते म्हणाले. दिवाळीत भाऊबीज निघाली, चारही नणंदा आल्या. मग नाताळात म्हणाले, तर चुलत दिराची सुपारी फुटली. परीक्षा झाल्यावर म्हणाले, तर एप्रिलच्या एकेका रविवारी दोन-दोन लग्नं. चौथ्यांदा मी तोंड उघडलं तेव्हा लेक म्हणाली, "मम्मी, तू आधी नक्की कर आणि मग मला सांग. मी मैत्रिणींना सांगून बसते, मग त्या विचारतात."

रागानं बोलली असती तर बरं वाटलं असतं. ती अगदी शांतपणे बोलली, उधारी न फेडणाऱ्या गिऱ्हाईकाशी दुकानदार बोलतो तशी.

ते मला लागलं. मी माझ्या माहेरातली आणि सासरातलीही पहिली पदवीधर. बी.एस्सी. झाले तेव्हा वडिलांनी गावात पेढे वाटले होते. वाळूजच्या कंपनीत माझं कामच नियोजनाचं. कोणती मशीन कधी थांबवायची, कोणता माल कधी काढायचा, हे मी ठरवणार आणि वीस-वीस वर्षांचे जुने सुपरवायझर ते ऐकणार. आणि मला एका लेकराला पाळण्यात बसवायला बारा महिन्यांत एक दिवस सापडू नये?

मग मी कंपनीत करते तसं टेबल केलं. उभे बारा महिने, आडवे रकाने. शाळेची सुट्टी, माझी रजा, नवऱ्याचं दुकान, लग्नाच्या तारखा, पार्कातली गर्दी, ऊन-पाऊस. जमत नाही तिथं फुली. पावसाळ्यात घाटाची भीती, फुली. गणपती, महालक्ष्म्या, नवरात्र, फुली. हिवाळ्यात शाळेची स्नेहसंमेलनं आणि परत लग्नं. टेबल फुल्यांनी भरत गेलं. ते आमच्या घरातल्या बाईच्या वर्षाचंच चित्र होतं. एवढ्या वर्षांत ते मी कधी असं एका कागदावर पाहिलं नव्हतं.

मेच्या शेवटच्या आठवड्यावर मात्र एकही फुली पडली नाही. शाळेला सुट्टी. कंपनीत मशीनच्या देखभालीसाठी आठवडाभर काम बंद. आणि अधिक महिना लागलेला, म्हणजे लग्नाचा एकही मुहूर्त नाही. मी कॅलेंडर तीनदा बघितलं. नवऱ्याचं क्रांती चौकाजवळ गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान आहे, तिथं फोन करून त्यांना सांगितलं तर म्हणाले, "मानलं बुवा. शिकलेल्या बाईचं डोकं." बुधवारची तीन तिकिटं काढली. मधला वार, म्हणून गर्दीही कमी. तारीख एकदाच बदलून मिळेल असं खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, ते मी वाचलं आणि हसले. बदलायची कुणाला होती?

त्या संध्याकाळी लेकीला सांगितलं. ती चौकटीपाशी गेली, रेघ बघितली आणि विचारलं, "मैत्रिणींना सांगू?"

"सांग," मी म्हणाले.

दोन दिवसांनी देवगाव रंगारीहून सासूबाईंचा फोन. त्यांना मी आत्याबाई म्हणते.

"बुधवारी या दोघं. दाजींना धोंड्याला बोलावलंय. येष्टीवर त्यांची सुट्टी बुधवारीच असती."

दाजी म्हणजे माझ्या नणंदेचे यजमान, एसटीत नोकरीला. अधिक महिना म्हणजे धोंड्याचा महिना, हे आमच्याकडं लहान पोरालाही ठाऊक असतं. तीन वर्षांनी येतो, आणि त्या महिन्यात जावयाला घरी बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, तेहतीस धोंड्यांचं वाण द्यायचं, ताम्हनात दिवा लावून. लग्नाचे मुहूर्त नसतात म्हणून सगळे मोकळे असतात, आणि मोकळे असतात म्हणून सगळे जावई त्याच महिन्यात फिरतात. माझ्या टेबलात शाळा होती, मशीन होती, पाऊस होता. जावयाचा रकाना नव्हता.

"आत्याबाई, बुधवारी आमची तिकिटं आहेत. पोरीला पार्क दाखवायचाय."



"जा की मग. कोण आडवं पडलंय? दाजींना सांगते, सून आमची लई शिकलेली हाये, तिला पाळण्यात बसायचंय. धोंडे मी करीन एकटी. गुडघे काय, दुखतातच."

"दुसरा एखादा वार..."

"सरकारला सांग दाजींची सुट्टी बदलायला. तुझं ऐकतील. कंपनीत ऐकतात म्हणं."

रात्री जेवताना मी नवऱ्याला म्हणाले, "तुमची आई आहे, तुम्ही बोला."

"तिच्यापुढं माझं कधी काही चाललंय का? तूच बोल. तुला बोलता येतं."

हे मी आयुष्यभर ऐकत आले. तुला बोलता येतं, तुला लिहिता येतं, तूच बघ. घरात कुणाचा दाखला काढायचा असो, दवाखान्यात विचारायचं असो, मीच पुढं. आणि एवढं बोलता येणाऱ्या बाईला त्या दिवशी सासूला नाही म्हणता आलं नाही. तारीख बदलली. बुधवारची शुक्रवारवर नेली. एकदाच बदलून मिळणारी होती ती.

लेकीला सांगितलं तेव्हा ती फक्त "बरं" म्हणाली. मैत्रिणींना परत सांगितलं का, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

त्याच आठवड्यात आईचा फोन आला. आई गंगापूर तालुक्यातल्या आमच्या गावी राहते.

"जावयाला कधी आणतीस? मागल्या अधिकाला तुझी बदली चालली होती, तेव्हा राहिलं. औंदा डाळ निवडून ठेवलीय."

आत्याबाईंपुढं माझी जीभ अडकली होती. आईपुढं ती एकदम सुटली. "आई, यंदा राहू दे गं. वर्षाचं टेबल मांडून बघितलंय, एकही दिवस मोकळा नाही. बुधवारी देवगावला धोंडा, शुक्रवारचं पार्कचं तिकीट आहे, पुढं रजा नाही. तू तरी आता मागं लागू नकोस. तेहतीस धोंडे खाऊन कुणाचं काय भलं झालंय?"

"व्हय, व्हय," आई म्हणाली. "लेकरू लहान हाये तवर फिरवून आणा. शुक्रवारी जाणार नव्हं?"

"शुक्रवारी."

फोन ठेवल्यावर मला हलकं वाटलं. एक अडचण मी मार्गी लावली होती. जी भांडणार नाही तिच्यावरच मी फुली मारली होती, हे तेव्हा कळलं नाही.

बुधवारी देवगावला दिवसभर पुरण वाटलं, धोंडे वळले, उकडले. दाजी दोन खाऊन म्हणाले, "बस, वहिनी, पोट फुटंल. चुलत सासऱ्यांकडचे धरून माझा हा तिसरा धोंडा आठवड्यातला." आत्याबाईंनी मला शेजारणींपुढं मिरवलं, "एवढी शिकलेली हाये, पण पुरण बघा कसं मऊ." गुरुवारी सकाळी आम्ही गाडीनं निघालो, संध्याकाळी पार्कजवळच्या लॉजवर उतरलो. लेक वाटेत एकदाही झोपली नाही. प्रत्येक टोलनाक्यावर विचारायची, "आता परत नाही ना फिरायचं?"

शुक्रवारी फाटकाशी बघते तर माणसांचा समुद्र. लग्न नाही, शाळा नाही, सगळ्या महाराष्ट्रानं माझ्यासारखंच टेबल केलेलं. मोठ्या पाळण्याची रांग लोखंडी नळ्यांमधून वळसे घेत जायची. एकदा आत शिरलं की पुढं सरकता येत नाही आणि मागं फिरता येत नाही. मागं एक जावई सासूशी फोनवर बोलत होता, "नाही हो आई, परवा नक्की. धोंडे फ्रीजात ठेवा." मला हसू आलं आणि घुसमटल्यासारखंही झालं. दोन तास आम्ही त्या नळ्यांत होतो. नवरा पाण्याच्या बाटल्या आणायला बाहेर गेला तो परत आत येऊ शकला नाही.

उंची मोजणाऱ्या मुलानं लेकीला खांबाशी उभं केलं. तिनं श्वास रोखून धरला. तो म्हणाला, "चला." तेव्हा ती माझ्याकडं बघून जे हसली, ते मी अजून विसरले नाही. मोबाइल, चष्मा, पर्स सगळं लॉकरात ठेवायचं होतं. बसल्यावर पोटावर लोखंडी दांडा आला, खटकन बसला. हलता येईना. आणि मला वाटलं, किती दिवसांनी मी अशी बसलेय की मला कुणी बोलावू शकत नाही.

खाली आल्यावर मोबाइल काढला. आईचे अकरा कॉल.  फोन लावला.

"काय नाय गं," आई म्हणाली. "पडेगावला तुझ्या दारात आले व्हते. म्हटलं जावयाला यायला जमत नाय तर आपण जाऊ, तुम्ही निघायच्या आत खाऊ घालू. पहिल्या येष्टीनं आले. कुलूप दिसलं."

तिकीट शुक्रवारचं, म्हणजे निघणं शुक्रवारी. तिनं सरळ हिशेब केला होता. गुरुवारीच निघणार हे मी सांगितलंच नव्हतं. सांगायची गरज वाटली नव्हती.

"मग आता?"

"बसले जरा पायरीवर. शेजारणीनं च्या दिला. वाण तिच्याकडं ठिवलंय, आणलेलं परत नेत नसतात. आता येष्टीत बसलेय. बसली का पोर पाळण्यात?"

"बसली."

"मग झालं तर."

मी वळले तर लेक माझ्याकडंच बघत होती. हात सरळ खाली, चेहरा अगदी कोरा. तिनं विचारलं, "जायचं का परत?" ती तयार होती. चार वेळा सवय झालेली. मी पटकन हो म्हणाले असते तर ती काही न बोलता गाडीत जाऊन बसली असती, आणि त्यानंतर तिनं मला कधीच काही मागितलं नसतं.

"नाही," मी म्हणाले. "बंद होईपर्यंत इथंच. चल, पाण्याकडं."

गेलो. भिजलो. ती ओरडत होती, मी हसत होते आणि सगळा वेळ मला आमच्या दारातली ती पायरी दिसत होती, सकाळी दहालाच तापते ती.

शनिवारी घरी पोचलो. शेजारणीनं डबा दिला, फडक्यात बांधलेला. सोबत ताम्हन, कापसाची वात, कुंकवाची पुडी, सगळं. धोंडे कडक झाले होते. नवरा न सांगता हातपाय धुऊन पाटावर बसला, डोक्यावर टोपी घालून. औक्षण कुणी करायचं? मी उठणार तेवढ्यात लेकीनं ताम्हन उचललं. "आजीच्या वतीनं मी," म्हणाली. त्यांना कुंकू लावलं, दिवा ओवाळला. त्यांनी एक धोंडा तोडला, तो तुटेना, तरी सगळा खाल्ला. मग आईला फोन लावून म्हणाले, "आई, पोचला बरं का धोंडा. पोटभर."

ती चौकट अजून आहे. त्यावर पुढंही रेघा आहेत, पण नंतर मला कुणी पट्टी धरायला बोलवलं नाही. लेक आता पुण्याला शिकते. यंदा परत जेठ अधिक, कंपनीत परत तोच आठवडा बंद, देवगावहून दाजींच्या धोंड्याचं बोलावणं येणारच आहे.

मी पहिला फोन आईला केला. "कधी आणू जावयाला? तू वार सांग."

आई म्हणाली, "आधी तुझं टेबल काय म्हणतंय ते तर सांग."