कल्याणचं उत्तर आलेलं नाही

प्रज्ञा पहिल्यांदा आमच्या डोंबिवलीच्या लॅबमध्ये आली, ती सरळ टोकन घेऊन पेशंटांच्या बाकावर बसली. तासभर. मी काउंटरवरून विचारलं, कसली टेस्ट करायची आहे गं? तर म्हणाली, "माझी नाही काकू, तुमच्या कॉम्प्युटरची." वागळे इस्टेटमधल्या आमच्या मुख्य ऑफिसने कॉम्प्युटरच्या कामासाठी पाठवलेली ही पोरगी. आधी लोक काय मागतात ते ऐकायचं, मग कीबोर्डला हात लावायचा, ही तिची रीत.

आमच्या शाखा तीन: ठाणे, डोंबिवली, कल्याण. रिपोर्ट तिन्हीकडच्या मशीनवर विखुरलेले, आणि पूर्ण नंबर टाकला तरच सापडायचे. लोक मात्र फाटक्या, घामाने भिजलेल्या पावत्या घेऊन येणार. प्रज्ञाने सोय केली. दिसतात तेवढे आकडे टाका, बाकीच्या जागी चांदण्या, म्हणजे कीबोर्डवरची ती * खूण. तिन्ही मशीनना विचारून जुळणारे रिपोर्ट समोर येतील. मी दहावीपर्यंत शिकलेली, कॉम्प्युटर नुसता बघून बघून शिकले. माझं काही चुकलं की ही म्हणायची, "तुमचं नाही चुकलं काकू, मी नीट सांगितलं नाही."

मग शीळफाट्याचे एक गृहस्थ आले. बायकोच्या गाठीचा जुना रिपोर्ट हवा होता. त्याशिवाय डॉक्टर औषध ठरवेनात. पावतीवर शेवटचे चार आकडे तेवढे उरलेले. मी चांदण्या टाकल्या. स्क्रीनवर आलं, 'रिपोर्ट नाही'. मी तसंच सांगितलं आणि ते पावती खिशात ठेवून गेले. बाईंची तपासणी पहिल्यापासून झाली, त्यात महिना गेला.

न सापडलेले शोध महिनाअखेरीला प्रज्ञा स्वतः पुन्हा करून बघायची. हा रिपोर्ट तिला लगेच सापडला, कल्याणला. ते गृहस्थ आले त्या दुपारी तिथलं मशीन बंद होतं. दोघांनी नाही म्हटलं, तिसरं गप्प, आणि स्क्रीनने तिघांच्या वतीने नाही सांगून टाकलं.

लॅबचे साहेब म्हणाले, पावती त्यांनीच भिजवली, आपण काय करणार. प्रज्ञा रिपोर्ट घेऊन शीळफाट्याला गेली, सोबत मी. दारातच म्हणाली, "चूक माझी आहे. जो गप्प राहिला, तो नाही म्हणाला असं मी धरलं." गृहस्थांनी आधी आम्हाला पाणी दिलं. मग रिपोर्ट न वाचताच बायकोच्या उशाखाली ठेवला.

दोन महिन्यांनी त्या गेल्या.

प्रज्ञाने स्क्रीन बदलला. मशीन बोललं नाही की आता तसं लिहून यायचं, 'कल्याणचं उत्तर आलेलं नाही, थांबा.' थांबायला लागतं म्हणून लोक कुरकुरले. साहेबांनी ती ओळ काढायला सांगितली. तिने ओळ ठेवली, नोकरी सोडली. पुढे दुसऱ्या कुणीतरी ती ओळ काढलीच. मी अजूनही कल्याणला फोन लावून खात्री करते.

नोकरी सोडून जायच्या दिवशी प्रज्ञा भेटायला आली तेव्हा डोळे सुजलेले. मला राहवलं नाही. म्हटलं, अगं, किती जाळशील जीवाला? औषध महिनाभर आधी सुरू झालं असतं, तरी त्या वाचल्या नसत्या.

तिने माझा हात हातात घेतला.

"ते आपल्याला माहीत नाही, काकू."