ट्रकवाल्याचा हात

आंबा घाटात आमच्या पुढच्या ट्रकच्या खिडकीतून एक हात बाहेर आला आणि ‘या, पुढे या’ असा हलला. गाडी माझी धाकटी बहीण वासंती चालवत होती. अपघातानंतर दोन वर्षं तिनं स्टिअरिंगला हात लावला नव्हता. आज साखरप्याला तिनं आपणहून किल्ली मागितली आणि तेव्हापासून माझा जीव टांगणीला लागला होता.

“दादा, जाऊ?”

“जा. वळणापलीकडचं त्याला दिसतंय.”

कोकणातलं मीठ घेऊन याच वाटेनं बैल घाट चढायचे, तेव्हाही पुढचा अनोळखी माणूस मागच्याला असंच सांगत असेल आणि मागचा त्याच्यावर भरवसा ठेवत असेल. त्या भरवशावरच ही वाट इतकी वर्षं चालत आली असावी.

वासंतीनं हॉर्न देऊन ट्रक मागे टाकला. रस्ता खरोखरच मोकळा होता. तिनं रोखलेला श्वास सोडला, मीही सोडला, आणि आम्ही दोघं हसत सुटलो.

घाटमाथ्यावर मी म्हटलं, “दमली असशील. दे आता माझ्याकडे.”

“गप्प बस रे. कोल्हापूरपर्यंत मीच नेणार.”

मी सीट मागे केली आणि निवांत डोळे मिटले.