आजीची सोबत

आमच्या सरकारी दवाखान्यातल्या सिस्टर हाताला बीपीचा पट्टा बांधतात आणि गप्पा मारत बसतात. झोप लागते का, सून बोलते का, म्हैस गाभण राहिली का. हे सगळं विचारून झाल्यावरच फुगा दाबतात. तोवर रांग दारापर्यंत जाते. मी निवृत्त मास्तर, मला शिस्त लागते. दर महिन्याला मी चिडतो, आणि चिडल्यामुळंच माझं बीपी वाढलेलं निघतं.

मागं मोलगीकडची एक म्हातारी भरती होती. घरी शेळी एकटी आहे म्हणून सलाईन उपसून निघाली, तिला दारातून परत आणावं लागलं. दुसऱ्या दिवशी सिस्टरांनी जीपवाल्याकडून ती शेळीच आणवली आणि वॉर्डाच्या खिडकीखाली बांधली.

डॉक्टर ओरडले, "सिस्टर, हे काय?"

"आजीनी सोबत शे, साहेब. दुसरं कोनी नही तिले."

म्हातारीनं त्या दिवशी पहिल्यांदा भाकरी खाल्ली. निम्मी खिडकीतून खाली दिली.

परवा पट्टा बांधता बांधता सिस्टरांनी मला विचारलं, "मास्तर, तुमनासंगे कोन उनं?"

"कोणी नाही," मी म्हणालो. "शेळीसुद्धा नाही."

त्यांनी फुगा खाली ठेवला आणि स्टूल ओढून बसल्या. रांग दारापर्यंत गेली. मी जाऊ दिली.