एकट्या रोपांची सरासरी

"एकटं काऊन ठेवाचं गा त्याले?" एवढं विचारून मावशी कमरेवर हात ठेवून उभ्या राहायच्या. दवनीवाड्याजवळच्या आमच्या प्रयोगाच्या शेतावर रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, बायांच्या त्या म्होरक्या. त्यांना उत्तर पटेपर्यंत टोळीतली एकही बाई वाकायची नाही. तुमच्याही कामावर असं एखादं माणूस असेलच. कागदावर साहेब दुसरा, पण चालतं त्याचंच.

माझ्या एम.एस्सी.च्या प्रबंधाची सगळी मदार धानाच्या वीस छोट्या बांध्यांवर, म्हणजे खाचरांवर, होती. दहा बांध्यांत एका जागी एकच रोप, दहांत नेहमीसारखी तीन-तीन. कापणीनंतर दोन्हींचं सरासरी उत्पन्न काढायचं आणि फरक खरा की योगायोगाचा, हे टी-टेस्टने ठरवायचं. मावशींनी हे सगळं सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटत ऐकलं आणि टोळीला समजावलं, "ठेल्यावरचा चहा एक दिवस पातळ झाला तं हात चुकला. रोजच पातळ, तं मालकच तसा. बाबू थेच पाहून राहिला." इतकं सोपं करून माझ्या मार्गदर्शकांनाही सांगता आलं नव्हतं.

पहिल्या वर्षी दोन्ही सरासऱ्या जवळजवळ सारख्या निघाल्या. टेस्ट म्हणाली, फरक नाही. मी तीनदा आकडेमोड केली, वजनकाट्याला शिव्या घातल्या. शेवटी रडकुंडीला येऊन मावशींपाशी बसलो, तर त्या शांतपणे म्हणाल्या, "मीच लावली."

"काय लावली?"

"जोडी. तू परीक्षेले गेल्ता तवा. एकटं रोप वाऱ्यानं हालून राहिलं होतं. मले पाहावलं नाई."

दहाही बांध्यांत, प्रत्येक रोपाशेजारी एक सोबती. माझं अख्खं वर्ष पाण्यात गेलं. आठवडाभर मी मावशींशी बोललो नाही, पण एकटा असलो की मला हसू फुटायचं.

पुढच्या रोवणीला मावशी न बोलावता आल्या. एकट्या रोपांच्या बांध्यांना त्यांनी दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. रोप खोचताना पुटपुटायच्या, "जगजो बाप्पा." मग महिनाभर त्या बांध्यांच्या धुऱ्याकडे, बांधाकडेसुद्धा, मावशी फिरकल्याच नाहीत.

त्या वर्षी एकट्या रोपांनी बाजी मारली. फरक असा ठसठशीत, की टेस्टला बोट ठेवायला जागा नव्हती. आता पदवी नक्की होती. मी धावत जाऊन मावशींना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मेले किती?"

मी वही उघडली. वहीत किलो होते, सरासरी होती, टेस्टचा आकडा होता. मेलेली रोपं मी मोजलीच नव्हती, आणि मला फार ओशाळल्यासारखं झालं.

मग त्या दुपारी आम्ही दोघं एकट्या रोपांच्या कापलेल्या बांध्यांतून फिरलो. रोवणी दोरी धरून केलेली, त्यामुळे ओळीतली रिकामी जागा लगेच दिसायची. अशा प्रत्येक जागी मावशी क्षणभर थांबत होत्या. एकोणीस निघाल्या. "लिव," त्या म्हणाल्या.

दोन वर्षांपूर्वी मावशी गेल्या. प्रबंध कॉलेजच्या वाचनालयात आहे, कुणी उघडत नाही. त्याच्या शेवटच्या तक्त्याखालची एक ओळ मार्गदर्शकांनी खोडायला सांगितली होती, ती मी हट्टाने ठेवली. 'न जगलेली रोपे: एकोणीस.' आणि मोजणाऱ्याच्या जागी मावशींचं पूर्ण नाव आहे.