पाळण्यात वरवंटा

सोनकांबळे मॅडमना टांगलेली वस्तू दिसली की हात आवरत नसे. इचोड्याच्या बाजारातला केळीचा घड असो की बसमध्ये ड्रायव्हरसमोर लटकणारं लिंबू-मिरची, त्या बोटानं हळूच धक्का देणार आणि मान कलती करून ते थांबेपर्यंत बघत राहणार. केळीवाला वैतागायचा, "मॅडम, लेना है तो लो, झुलाते कायकू?" मॅडम शांतपणे म्हणायच्या, "ठैरो भैया, अभी रुका नहीं."

गुडीहत्नूरच्या शाळेत त्या मराठी माध्यमाच्या मुलांना विज्ञान शिकवत आणि आमच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहत. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. मी नवी सून होते तेव्हा पोटातलं बोलावं असं माणूस मला या गावात एकच मिळालं, ते म्हणजे मॅडम. मी भाजी निवडायला बसले की त्या समोर बसायच्या आणि दोरीवरच्या ओल्या चादरीकडे बोट दाखवायच्या. "हे काऊन थांबते, सांग बरं? कोनं धरलं त्याले?" मला काय ठाऊक! मग हवा कशी अडवते ते त्या सांगत, आणि माझी भाजी राहून जाई.

माझ्या मुलाच्या बारशाला निर्मलहून रंगीत पाळणा आणला होता. बाळ आत माझ्याजवळ होतं. मॅडम आल्या, त्यांनी आढ्याला टांगलेला पाळणा पाहिला आणि सवयीनं हात पुढे गेलाच. रिकामा पाळणा हलवू नये, बाळाला बाधतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत. सासूबाईंनी धावत येऊन पाळणा धरला, पण व्हायचं ते झालं होतं. त्याच संध्याकाळी बाळाला ताप भरला.

"जिची मांडी रिकामी, तिनंच रिकामा पाळणा हालवला," सासूबाई म्हणाल्या. "आता तिचा पाय माह्या घरात नको." मी पुष्कळ भांडले. डॉक्टरच्या औषधानं ताप उतरला, सासूबाईंचा राग काही उतरला नाही. शेवटी मॅडमनी दुसरी खोली बघायला घेतली.

जायचं सांगायला त्या अंगणात येऊन उभ्या राहिल्या. "माई, चुकलं माझं. तुमचा जीव घाबरा केला मी." सासूबाई तांदूळ निवडत राहिल्या, वर पाहिलं नाही. एवढ्यावर दुसरी बाई निघून गेली असती. मॅडम म्हणाल्या, "एक इचारू? झोका लहान लहान होत जाते, तवा तुमी पाळन्याचं गानं भरभर म्हनता का?"

"भरभर काऊन म्हनीन?" सासूबाई न राहवून बोलल्या. "झोका मोठा असो का लहान, गानं त्याच्यात बसतेच."

"नक्की?"

सासूबाईंनी सूप खाली ठेवलं. मग स्वयंपाकघरातून वरवंटा घेऊन आल्या. बारशाला कुंची घालून, बाळाबरोबर पाळण्याखालून देतात-घेतात तोच. तो त्यांनी पाळण्यात ठेवला. "आता रिकामा नाही. या आत. पाहा तुमचं समाधान होईस्तोवर."

सासूबाईंनी दोरी एकदाच ओढली आणि गाणं धरलं. झोका लहान होत होत दिसेनासा झाला, पण ठेका चुकला नाही. मग मॅडमनी तेच तांदळाचं सूप रिकामं करून पाळण्याच्या बाजूला उभं बांधलं. हवेची अडचण वाढली, झोका पहिल्यापेक्षा फार लवकर मेला, तरी मेला तोवर ठेक्यातच होता. "म्हंजे झोक्याचं बळ जाते, चाल नाही जात," सासूबाई म्हणाल्या.

"जाते, पर इतकुशी, कानाले नाही समजत," मॅडम म्हणाल्या. "पान्यात हालवला असता तर चाल बी मंदावली असती. अन् काकवीत बुडवला असता तर झोकाच नसता घेतला, नुसता सरकत जागेवर येऊन बसला असता."

"काकवीत पाळना!" सासूबाई पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. मग मॅडमनी खोली सोडलीच नाही. त्या दिवशी चहा झाला, आणि सासूबाईंनीच बाळ त्यांच्या मांडीवर दिलं.

पुढे मला मुलगी झाली. बाळाच्या कानात नाव आत्या सांगते, आणि माझ्या नवऱ्याला बहीण नाही. बारशाला भावकीतल्या बायका पुढे सरसावल्या, तर सासूबाई म्हणाल्या, "सोनकांबळे मॅडम सांगतीन." पुढे आलेल्या बायका होत्या तिथंच थांबल्या. कोण कोणत्या वस्तीतलं, हे आमच्या गावात कुणी बोलत नाही आणि कुणी विसरतही नाही. मॅडम पाळण्यावर वाकल्या. सासूबाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, आणि त्यांनी बाळाच्या कानात नाव सांगितलं.

यंदा पावसाळ्यात मॅडम गेल्या. थोड्याशा दुखण्याचं निमित्त झालं. घरात मयत झालं की त्या वर्षी आमच्याकडे दिवाळीला कढई चढत नाही. मी अनारशाचं पीठ काढायला गेले, तर सासूबाईंनी डबा परत फळीवर ठेवला. शेजारीण फराळाचं विचारायला आली. "काऊन वो माई, कोन गेलं तुमच्या घरचं?"

"आमच्या पोरीची आत्या गेली," सासूबाई म्हणाल्या.