मधली तीन पानं

अप्पा मद्रास बंदरात टॅली क्लार्क होते. जहाजातून उतरणारा माल ते धक्क्यावर उभे राहून मोजून घेत. एकदा क्रेन बिघडली आणि एक अमेरिकन जहाज चार दिवस अडकून पडलं. त्या चार दिवसांत जहाजावरच्या एका इंजिनियरने अप्पांना पोकर शिकवलं. अप्पा घरी आले ते पत्त्यांचा नवा कोरा जोड घेऊनच.

आमचं तंजावरी मराठी घर मद्रासच्या तिरुवल्लिकेणी भागात होतं. रविवारी जेवणं झाली की दुपारी समुद्राचा वारा सुटायचा, तेव्हा पुढच्या खोलीच्या गार फरशीवर डाव मांडला जायचा. अप्पा, माझा थोरला भाऊ अण्णा, मी आणि शेजारचे निवृत्त शाळामास्तर असे आम्ही चौघं. मी तेव्हा कॉलेजात होते. पैशांऐवजी चिंचोके. रोज सांबार होणाऱ्या घरात त्यांना काय तोटा!

खेळ सोपा होता. प्रत्येकाला दोन पानं, उपडी. मग मध्ये तीन पानं एकदम उघडायची, ती सगळ्यांची. त्यानंतर चौथं, मग पाचवं. आपली दोन आणि मधली पाच मिळून ज्याची पाच पानं सर्वांत भारी, तो जिंकला. दर टप्प्याला हवे तेवढे चिंचोके लावायचे, नाहीतर जमिनीवर टकटक करून पाळी पुढे द्यायची. कोणी लावले तर बाकीच्यांनी तेवढेच टाकायचे, नाहीतर पानं टाकून डाव सोडायचा. लावायला कसली मर्यादा नव्हती. मनात आलं तर समोरचा सगळा ढीग सरकवावा.

अप्पांना शिकवण्याची फार हौस. "मधली तीन पानं पडली आणि आपलं भलं झालं, की मनुष्य दोन चुका करतो," ते सांगत. "एक तर हरखून सगळा ढीग पुढे ढकलतो, मग बाकीचे पळतात. नाहीतर लबाडासारखा टकटक करून बसतो, आणि दुसऱ्याला हवं ते पान फुकट बघायला मिळतं. आधी मधली पानं बघा. ती एकमेकांना धरून नसतील तर सावकाश जा. पण दोन बदाम पडलेले असतील, तर कोणीतरी तिसऱ्या बदामाची वाट बघत बसलाय समजा. त्याला फुकट बसू द्यायचं नाही. तिथल्या तिथे लावायचं, त्याला जड जाईल इतकं."

अण्णा मान डोलवायचा आणि पुढच्याच डावात सगळा ढीग ढकलायचा. मी दर वेळी टकटक करायची. अप्पा कपाळाला हात लावायचे.

अम्मा खेळत नसे. आमच्यापासून चार हातांवर भिंतीला टेकून ती सूप घेऊन तांदूळ निवडत बसायची. "तिला ह्यातलं काही कळायचं नाही," असं अप्पा मास्तरांना सहज म्हणून जात. अम्मा मान वर करत नसे.

एका रविवारी मास्तर लग्नाला कुंभकोणमला गेले. तिघांत रंगत येईना. अण्णा म्हणाला, "अम्मा, तू बैस ना. नुसती पानं धर, मी सांगतो."

"नको रे, सांगू नको," अम्मा म्हणाली. तिने पदराला हात पुसले आणि मास्तरांच्या जागेवर येऊन बसली.

पहिले काही डाव तिने पानं पाहिली आणि टाकली. अप्पा हसून म्हणाले, "अगे, सगळंच टाकायला बसलीस काय?" तिने पुढचीही टाकली.

मग तो डाव आला. मी सुरुवातीलाच पानं टाकली आणि तिच्या बाजूला सरकले, म्हणून तिची पानं मला दिसली. दोन नव्व्या. मध्ये तीन पानं पडली: इस्पिकची नव्वी, बदामचा राजा, बदामची अठ्ठी. तीन नव्व्या झाल्या! मी असते तर टकटक केली असती. अम्माने बारा चिंचोके मोजले आणि पुढे ठेवले.

"सरी, चालेल," अप्पा म्हणाले, आणि त्यांनीही बारा टाकले. अण्णाने कुरकुरत टाकले.

चौथं पान पडलं, किलवरची दुर्री. अम्माने लगेच तीस ठेवले. अण्णाने आपली पानं पाहिली, ढीग पाहिला, अम्माकडे पाहिलं. तिचा चेहरा तांदळातले खडे बघताना असायचा तसाच होता. शेवटी त्याने पानं फेकली. अप्पांनी तीस टाकले.

पाचवं पान बदामची चौकी. "अय्यो!" अण्णा ओरडला. त्याच्या हातात दोन बदाम होते. आणखी एक टप्पा टिकला असता तर पाच बदाम होऊन डाव त्याचाच होता.

अम्माने या वेळी फक्त आठ चिंचोके ठेवले.

"आठच?" अप्पा हसले. "घाबरलीस होय?" आणि त्यांनी आपला सगळा ढीग पुढे सरकवला.

"बरं," अम्मा म्हणाली, आणि तिने आपलाही सरकवला.

अप्पांनी ऐटीत एक्का आणि राजा उघडले. राजाची जोडी. अम्माने दोन नव्व्या एकेक करून मधल्या नव्वीशेजारी ठेवल्या, अगदी सरळ रेषेत.

अप्पांनी त्या तीन नव्व्या पुन्हा मोजल्या आणि विचारलं, "तुला कोणी शिकवलं?"

"तुम्हीच की, ओ," अम्मा म्हणाली. "दोन वर्षं ह्या पोरांना सांगताय. मी काय बहिरी आहें?"

अप्पा आधी लाल झाले. मग जे हसू लागले, ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. त्यानंतर तिला कळत नाही असं त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. पुढे पुढे तर बंदरावरून लवकर सुटले की कॉफीचे पेले घेऊन दोघंच खेळायची. भांडायचीसुद्धा. अप्पा हरले की चिडायचे आणि अम्मा शांतपणे पानं पिसायची.

माझं लग्न झालं आणि मी पुण्याला आले. इथे माझं तंजावरी मराठी ऐकून सगळे हसत. मी दोन महिन्यांत ते बदललं, पण मनातल्या मनात जुनंच बोलत राहिले. अम्माची पत्रं यायची. ती मराठीच लिही, पण तमिळ अक्षरांत. सासूबाई पत्र उलटंसुलटं करून परत देत. मी माजघराच्या पायरीवर बसून ते हलक्या आवाजात वाची. घरातली ख्यालीखुशाली चार ओळींत संपे, आणि मग डाव: "गुरुवारीं तीन राण्या आल्या. मी धीर धरला नाहीं, लगेच लावलें. ते पळाले." वाचताना तिचा आवाज इतका जवळून येई की पत्र संपलं, की आपण नेमकं कुठे बसलोय ते क्षणभर कळत नसे.

एका पत्रात डाव नव्हता. त्याच्या पुढच्यातही नव्हता. मग तार आली. मी पोचले तोवर अप्पांचं सगळं आटोपलं होतं.

पुढच्या वर्षी मी मुद्दाम महिनाभर राहायला गेले. एका दुपारी मीच पानं काढली. अम्मा नको नको म्हणत बसली. तिसऱ्या-चौथ्या डावात मधली तीन पानं पडताच माझ्या दोन जोड्या जुळल्या. तिला हरवायचं जिवावर आलं. मी टकटक केली. पुन्हा केली. शेवटी तिने थोडेसे लावले आणि मी पानं टाकून दिली.

अम्माने हात लांब करून माझी टाकलेली पानं उलटी केली.

"हें काय?"

मी चिंचोके तिच्याकडे सरकवू लागले.

"माझ्यावर दया करतेस?" तिचा आवाज चढला. "तुझ्या अप्पांनी मला एकदासुद्धा मुद्दाम जिंकू दिलं नाहीं. एकदासुद्धा. म्हणून मी बसत होतें." तिने डोळे पुसले नाहीत, पानं गोळा केली आणि पिसायला घेतली. "नीट खेळ."

मी नीट खेळले. संध्याकाळपर्यंत तिने मला पुरतं लुटलं.

त्यानंतर ती सहा वर्षं होती. दर वर्षी मी गेले, आणि दर वर्षी खेळलो. आता पुण्यात चांगले ब्रिज खेळणारे शेजारी आहेत, बोलावतात, मी जाते. पण ते फार सभ्य आहेत. चुकले की "हरकत नाही" म्हणतात. समोर बसून माझी पानं उलटी करून बघणारं, "हें काय?" असं विचारणारं कोणी नाही.